परशुरामची जीभ

माणसं जीभ सैल सोडल्यामुळे अडचणीत येतात. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातला परशुराम तसा अबोल, तरीही त्याला वर्षानुवर्षं कोंडून घातलं ते त्याच्या जिभेनंच. ही जीभ बोलण्यासाठी प्रसिद्ध नव्हती. ती लोखंड चाटण्यासाठी प्रसिद्ध होती.

वागळे इस्टेटमध्ये एक मध्यम आकाराचा कारखाना होता. भर समुद्रात तेलाच्या विहिरी खोदायला जे पाइप लागतात ते तिथे दुरुस्तीला येत. तीस-तीस फुटांचे पाइप. बाहेरून त्यांना खारं पाणी खातं, आतून खोदकामाचा चिखल घासतो, आणि दोन पाइप जिथे एकमेकांत पिळून बसवतात ते सांधे खडकावर घासून झिजतात. पुढच्या शेडमध्ये वेल्डर त्या सांध्यांवर कडक धातूचा थर चढवत. मागच्या शेडमध्ये पाइपांचा गंज काढून त्यांना रंगाचे जाड थर देत. गंज काढायचा तो वाळूच्या माऱ्यानं. त्याला ब्लास्टिंग म्हणत, आणि ते चालायचं एका बंद खोलीत.

ही खोली म्हणजे चाळीस फूट लांबीचा पत्र्याचा बोगदा. खिडकी नाही. धूळ बाहेर येऊ नये म्हणून दाराला कडी बाहेरून लावायची. आत एकच माणूस, डोक्यावर रबर आणि कॅनव्हासचं टोपडं, टोपड्याला काचेची खाच, आणि श्वासासाठी मागून आलेली एक नळी. त्या नळीतून हवा येई ती कॉम्प्रेसरच्या तेलाचा वास घेऊन. हातात वाळू ओकणारा जाड होज. वाळू सुटली की समोरचा हातसुद्धा दिसत नसे, आवाजानं कान बंद होत. काम थांबवायचं असलं की आतल्यानं दारावर तीनदा ठोकायचं. बाहेरचा माणूस वाळू ढकलणाऱ्या हवेचा व्हॉल्व बंद करी आणि मग कडी काढी.

आतला माणूस परशुराम होता आणि बाहेरचा कुंडलिक.

परशुराम चौऱ्याऐंशी साली इथे लागला. त्याच्या बापाची होडी होती, पण खाडीत कारखान्यांचं पाणी उतरायला लागलं तशी मासळी हटली आणि होडी काठावर उलटी पडली. धाकटा भाऊ भिवा समुद्रातल्या तेलविहिरीच्या रिगवर खलाशी म्हणून गेला. परशुराम त्याच रिगचे पाइप घासायला जमिनीवर राहिला. उघड्या पाण्यावर वाढलेला माणूस, त्याला बंद जागेची फार धास्ती. पहिल्या दिवशी कडी लागल्याचा आवाज झाला आणि त्याच्या पोटात गोळा आला. तो गोळा सात वर्षांत कधी गेला नाही. रोज सकाळी कडी लागली की यायचाच. परशुरामला वाटायचं, इतक्या दिवसांत सवय व्हायला हवी होती. आपल्यातच काही तरी कमी आहे, अशी त्याची समजूत.

जिभेची गोष्ट पंच्याऐंशीच्या उन्हाळ्यातली. एका खेपेचे सगळे पाइप रंग दिल्यावर पंधरा दिवसांत फोडांनी भरले. साहेबांनी रंग बदलला, रंगवणारा बदलला, फोड येतच राहिले. साहेब म्हणजे कारखान्याचे मालक, पुण्याचे, शिकलेले, मनानं वाईट नाहीत. एक दिवस परशुरामनं नुकताच घासलेला चकचकीत पाइप जिभेच्या टोकानं चाटला आणि थुंकला.

"साहेब, वाळू खाडीची हाय. पाइपावर मीठ बसलंय."

आणि खरंच, ठेकेदार नदीची वाळू सांगून खाडीची वाळू घालत होता. घासलेल्या लोखंडावर मिठाचा डोळ्याला न दिसणारा पापुद्रा राहिला की वरचा रंग कितीही भारी असो, मीठ खालून पाणी ओढतं, फोड येतो, आणि फोडाच्या आत गंज निवांत लोखंड खात बसतो. आता परशुरामला हे कसं कळलं, तर त्याची आई केशरबाई सुकटीच्या टोपलीतला एक बोंबील जिभेला लावून मीठ किती ते सांगायची, आणि पोराला लहानपणापासून तेच काम लावायची.

साहेब इतके खूश झाले की त्यांनी तिथेच ठरवून टाकलं. घासलेलं लोखंड पावसाळी हवेत दोन तासांत मळतं, म्हणून पाइप खोलीत असतानाच चाटून बघायचा. गोड लागला तर रंगाला पाठवायचा, खारट लागला तर तिथेच गोड्या पाण्यानं धुऊन पुन्हा घासायचा. म्हणजे जीभ आत हवी. म्हणजे परशुराम आत हवा. बाकीचे ब्लास्टर वर्ष-दोन वर्षांत बदलून दुसऱ्या कामाला जात. परशुराम जाऊ शकत नव्हता, कारण तो हुशार निघाला होता. चांगल्या कामाचं बक्षीस असं मिळतं.

त्यानं सुटायची एक वाट काढून पाहिली. कुंडलिक त्याचा मित्र. डोंबिवलीजवळ मानपाड्याला राहणारा, हाडापेरानं मजबूत, वाळू भरणं आणि व्हॉल्व सांभाळणं हे त्याचं काम. परशुरामनं मनाशी म्हटलं, याची जीभ तयार करू. मग एक महिना तो आत आणि एक महिना मी. त्यानं कुंडलिकला घरी नेलं, बायको सगुणेनं बोंबलाच्या तीन वाट्या पुढे ठेवल्या, कमी मिठाचे, मध्यम, कडक. कुंडलिक पोटभर जेवला, सगुणेच्या हाताची तारीफ केली. मग महिनाभर परशुराम त्याला रोज जेवणाच्या सुट्टीत पाइप चाटायला लावी.

"सांग. गोड की खारट?"

"परशा, मला सगळं लोखंडच लागतं रे."

"नीट लाव जीभ. टोकाला कळतं ते."

"लावली. लोखंडच आहे. माझी जीभ गाढवाची आहे म्हण."

महिन्यानंतर परशुरामनं नाद सोडला. कुंडलिकवर तो चिडलाही नाही. ज्याची त्याची जीभ.

पुढे खोकला सुरू झाला. आधी सकाळी, मग जिना चढताना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, फुप्फुसांत धूळ बसायला लागलीय म्हणाले, जागा बदला. परशुराम तो कागद घेऊन साहेबांकडे गेला. साहेबांनी कागद दोनदा वाचला, त्यांना वाईट वाटलं, ते खोटं नव्हतं.

"परशुराम, यार्डात चेकरची जागा निघते आहे. रंग दिलेल्या पाइपावरून ठिणगीचा ब्रश फिरवायचा, कुठे बारीक भोक राहिलं असेल तर ते दिसतं. उघड्यावरचं काम आहे. आताची चाळीस पाइपांची ऑर्डर इन्स्पेक्टरनं एका फेरीत पास केली, की तुला बाहेर काढतो. शब्द देतो."

सात वर्षांत पहिल्यांदा परशुराम कडीच्या आत शीळ वाजवत गेला. टोपड्यात शीळ नीट वाजत नाही, पण त्यानं वाजवली.

ते एक्क्याण्णवचं साल, श्रावण महिना. चाळीसपैकी शेवटचे दहा पाइप खोलीत असताना नारळी पौर्णिमा आली. कोळ्याच्या घरात या दिवशी कोणी कामावर जात नाही. समुद्राला नारळ दिल्याशिवाय वर्ष सुरू होत नाही. पण इन्स्पेक्टर दुसऱ्या दिवशी येणार होता, साहेबांनी हात जोडून सुट्टी नाकारली. परशुराम सकाळी निघाला तेव्हा केशरबाईनं त्याच्या हातात सोनेरी कागद लावलेला नारळ दिला.

"सुट्टी लवकर झाली तं खाडीवर दे. नाय झाली तं समुद्राला जाणारं कायपन शोध आणि त्याला दे. भिवा पान्यात हाय रं."

सुट्टी लवकर झाली नाही. संध्याकाळी साडेपाचला खोलीत दहा पाइप घासून तयार होते, ताज्या पापलेटासारखे चमकत. परशुराम टोपडं काढून त्यांच्याकडे बघत बसला. वाड्यावर आता वाजतगाजत माणसं खाडीकडे निघाली असतील. आणि इथे समुद्राला जाणारं असं काय आहे? हेच पाइप की. परवा ट्रकमध्ये चढतील, मग बोटीत, आणि मग भिवाच्या डोक्यावर उभे राहतील. त्यानं नारळ जमिनीवर आपटून फोडला आणि पाणी सात नंबरच्या पाइपाच्या तोंडावर, पिळाच्या आट्यांवर ओतलं. डोळे मिटून म्हणाला, "भिवाला सांभाळ. आणि मना इथून बाहेर काढ."

घामाच्या हातानं कोणी घासलेल्या पाइपाला शिवलं तर हाच माणूस अंगावर धावून जाई. नारळाच्या पाण्यातही क्षार असतो हे त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. ते त्याच्या लेखी देवाचं पाणी होतं. ओलावा दिसला म्हणून त्यानं स्वच्छ फडक्यानं पुसला, दहाही पाइपांवर दिवे लावून खोली गरम ठेवली आणि तीनदा ठोकलं.

सकाळी सात नंबरच्या तोंडावर तांबूस डाग होता. वीतभर, आट्यांच्या खाचांत उतरलेला. परशुरामनं पॉलिश पेपर घेतला, घासघास घासलं. वरचा डाग गेला, लोखंड वरून पुन्हा पांढरं झालं. जीभ लावली. खारट. तुरट-खारट, खाचांच्या तळाशी बसलेलं. धुऊन पुन्हा घासायला हवा होता, पण इन्स्पेक्टर यायच्या आत ते उरकणारं नव्हतं, आणि एक पाइप खराब निघाला की इन्स्पेक्टरच्या नियमानं सगळे चाळीस परत घासायचे होते. वर एका फेरीत पास व्हायची अट. तो डाग त्यानं कोणाला दाखवला नाही.

अकराला इन्स्पेक्टर आला. खेळकर माणूस, परशुरामच्या जिभेचं त्याला फार कौतुक. डोळ्यांनी सगळे पाइप पाहून झाले की तो कोणत्याही एकावर बोट ठेवी आणि परशुरामनं तो चाटायचा. त्या दिवशी त्यानं दोन नंबरवर बोट ठेवलं. गोड. मग चार पावलं चालून सात नंबरच्या तोंडावर.

परशुराम वाकला. जीभ लावली. मीठ जिभेवर चढलं तसं त्याला भिवा दिसला, पिवळं हेल्मेट घातलेला, वर मान करून पाइपाकडे बघणारा. आणि मग यार्ड दिसलं. उघडं, वारा सुटलेलं यार्ड.

"गोड हाय साहेब," तो म्हणाला.

इन्स्पेक्टरनं पेन काढलं. तेवढ्यात व्हॉल्वपाशी उभा असलेला कुंडलिक पुढे आला, वाकला, सात नंबरला जीभ लावली आणि सरळ झाला.

"साहेब, खारट आहे हा."

साहेब म्हणाले, "तुला काय कळतं त्यातलं?"

"मला पहिल्यापासून कळतं, साहेब. आमच्याकडे उन्हाळ्यात एकेक विहीर खारी व्हायची. आई आधी जिभेला लावून बघायची आणि मग हंडा भरायची. मलाही तीच सवय. आट्यांच्या आत बघा, खाली तांबूस दिसेल."

इन्स्पेक्टरनं बॅटरी मारली. दिसलं.

परशुरामला वाटलं, आता सगळं संपलं. आपण खोटं बोललो हे उघड झालं, आता नोकरीही गेली. पण शिकलेली माणसं फार चांगला अर्थ काढतात, तो कधी कधी वाईटाहून वाईट असतो. साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सात वर्षं, परशुराम. जीभ गेली तुझी. जाणारच, माणूसच आहेस तू. चूक माझी आहे, मी तुला आधीच बाहेर काढायला हवं होतं. उद्यापासून यार्डात." आणि कुंडलिककडे वळून म्हणाले, "आणि तू आत. इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

परशुरामनं तोंड उघडलं. जीभ शाबूत आहे असं सांगायचं तर खोटं बोललो हेही सांगायला हवं. त्यानं तोंड मिटलं.

चाळीस पाइप परत घासायचे होते. दुसऱ्या दिवशी कुंडलिकनं टोपडं घातलं. त्या पंधरवड्यापुरता व्हॉल्व परशुरामकडेच दिला होता, नवा माणूस मिळेपर्यंत. म्हणजे कडी लावायचं कामही त्याचंच. कुंडलिक आत गेला आणि परशुरामनं बाहेरून कडी सारली. तो आवाज त्यानं सात वर्षं आतून ऐकला होता. बाहेरून तो अगदी बारीक येतो, कपाटाच्या खिट्टीसारखा. पण पोटातला गोळा तसाच आला, तेवढाच मोठा.

घरी सगुणेनं आनंदानं कोळंबीचं कालवण केलं. परशुरामनं ताट बाजूला सारलं.

"काय रं," केशरबाईनं विचारलं, "बाहेर आलास तरी तोंड असं काय?"

"नारळ चुकीच्या ठिकानी दिला, आये," एवढंच तो म्हणाला.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत दोघं शेडच्या मागे बसले होते. कुंडलिकच्या भुवयांत, कानांत वाळू. परशुरामनं डबा उघडला नाही.

"कशाला बोललास रे? पाइप पास होत होता."

"सकाळी तुला तो पाइप पॉलिश पेपरनं घासताना पाहिलं होतं मी. भिवा त्याच पाइपाखाली उभा राहतो ना? माझ्या घरी येऊन गेलाय तो. माझ्या बायकोनं, मंजुळानं, राखी बांधलीय त्याला." कुंडलिक भाकरी मोडत म्हणाला. "मी बोललो नसतो तर तू नंतर स्वतःच बोलला असतास. आणि तेव्हा उशीर झाला असता."

"मी खोटं बोललो, कुंडलिक."

"एक दिवस बोललास. मी सहा वर्षं बोललो. तू मला बोंबील खायला घातलेस तेव्हा पहिल्याच वाटीला मला कळलं होतं. म्हटलं, कळतं म्हणून सांगितलं तर हे मला आत टाकतील. तू तिकडे खोकत होतास आणि मी म्हणत होतो, मला लोखंडच लागतं." त्यानं भाकरी खाली ठेवली. "कडी मी लावायचो रे. रोज मीच लावायचो."

परशुरामला राग यायला हवा होता, आणि आलाही, सहा वर्षांचा एकदम आला. पण समोर बसलेल्या माणसाच्या कानात वाळू होती. त्या रागाचं काय करावं ते त्याला समजेना. मग त्यानं हात लांब करून बाजूला ठेवलेलं टोपडं उचललं.

"काय करतोस?"

"दुपारचं मी घेतो. तू व्हॉल्ववर बस, आणि नवा माणूस आला की यार्डात जा. ब्रश कसा फिरवायचा ते दाखवतो, सोपा हाय."

"वेडा झालास? डॉक्टरनं सांगितलंय तुला."

"टोपडं घातलं की आत कोन हाय ते देवालापन कळत नाय. सकाळचा तू, दुपारचा मी."

कुंडलिक नाही म्हणत राहिला. परशुरामनं टोपडं डोक्यावर चढवलंसुद्धा. आत गेल्यावर तो कडीच्या आवाजाची वाट पाहत उभा राहिला. आवाज आला नाही. दार मिटलेलं होतं, पण कडी लागली नव्हती. त्यानं हळूच ढकलून पाहिलं, तर दार थोडं हललं आणि पलीकडे काहीतरी जड, मऊ लागलं. कुंडलिक दाराला पाठ लावून बसला होता.

त्यानंतर नवा माणूस व्हॉल्ववर आला, त्यालाही त्यांनी कडी न लावता दाराला पाठ लावून बसायला शिकवलं. कडी गंजून कोयंड्यात अडकली. गंजाशी लढणाऱ्या त्या कारखान्यात तेवढी एक गोष्ट सगळ्यांनी खुशाल गंजू दिली. रजिस्टरमध्ये मात्र ब्लास्टिंगच्या रकान्यात कुंडलिकचं नाव आणि यार्डाच्या रकान्यात परशुरामचं. असं सात वर्षं चाललं. रिगवरचे सगळे पाइप टिकले असं नाही, पण यांच्या हातून गेलेल्या पाइपांवर फोड आल्याची तक्रार आली नाही. भिवा दर दिवाळीला धडधाकट घरी यायचा आणि थोरल्याच्या खोकल्यावरून त्याला बिडी सोडायला सांगायचा. परशुरामनं जन्मात बिडी ओढली नव्हती.

अठ्ठ्याण्णव साली वाळूचा मारा बंद करून पोलादी दाण्यांचं, आपोआप चालणारं मशिन आलं. जुनी खोली तोडली. तेव्हाच साहेबांनी मागच्या शेडमधल्या सगळ्यांच्या छातीचे फोटो काढवले. नवा डॉक्टर तरुण होता, काटेकोर. त्यानं परशुराम आणि कुंडलिक दोघांना एकत्र आत बोलावलं, दोन्ही फोटो उजेडावर लावले, फाइल पाहिली, पुन्हा फोटो पाहिले.

"काहीतरी घोटाळा आहे. हे कुंडलिक सात वर्षं पूर्ण वेळ ब्लास्टिंगला, त्या मानानं यांची छाती बरीच बरी आहे. आणि परशुराम, तुम्ही सात वर्षांपूर्वीच उघड्यावर आलात ना? तेव्हाचा फोटो आहे माझ्यापुढे. तुमची धूळ तेव्हापासून एवढी वाढायचं कारणच नाही." त्यानं पाकिटं हातात उलटसुलट केली. "पाकिटांची अदलाबदल झाली असणार."

कुंडलिकनं मान खाली घातली.

"पाकिटं बरोबर हायत, साहेब," परशुराम म्हणाला. "आत जायचं अर्धं अर्धं केलं आम्ही. याच्या वाटनीचं होतं, ते मी घेतलं थोडं."

डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं फाइलवर नावं पुन्हा एकदा तपासली. तोवर परशुरामला खोकल्याची उबळ आली, आणि कुंडलिक त्याच्या पाठीवर हात ठेवून ती थांबेपर्यंत उभा राहिला.